‘मान्य आहे’ म्हणण्याआधी

सरांना बोटीत बसवायला आम्हाला पाऊण तास लागला. त्यांना पाण्याची भीती होती म्हणून नव्हे. मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टवर आमच्या संस्थेची सहल गेली होती आणि बोटीत बसण्याआधी प्रत्येकानं एका छापील कागदावर सही करायची होती. आम्ही सगळ्यांनी ती केली, केशरी जॅकेटं चढवली आणि बोटीत जाऊन बसलो. सर काठावर उभे राहून कागद वाचत होते. पुढची बाजू झाली, तसा त्यांनी तो उलटा केला.

“कलम सहा,” ते मोठ्यांदा म्हणाले. “‘सहलीत काढलेली पर्यटकांची छायाचित्रे रिसॉर्ट आपल्या जाहिरातीसाठी कायमस्वरूपी वापरू शकेल.’ कायमस्वरूपी! अहो, म्हणजे मी गेल्यावरही माझं तोंड तुमच्या फलकावर?”

“काका, हे कोणी वाचत नाही,” मॅनेजर काकुळतीला येऊन म्हणाला.

“म्हणूनच तर लिहितात.”

सरांनी खिशातून पेन काढलं, कलम सहावर आडवी रेघ मारली, शेजारी आद्याक्षरं घातली आणि मॅनेजरलाही घालायला लावली. हे सगळं मागे रांगेत उभं असलेलं पुण्याचं एक कुटुंब पाहत होतं. त्यांनी पेन मागून घेतलं. आमची बोट काठापासून सुटली तेव्हा सात-आठ माणसं कलम सहा खोडत होती आणि मॅनेजर घाम पुसत आद्याक्षरं घालत होता. सर मात्र गळ्यापर्यंत जॅकेट आवळून, समोरच्या डोंगरांकडे बघत नव्या नवरदेवासारखे प्रसन्न बसले होते.

सर कुणाचेच सर नव्हते. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. तीस वर्षं ते नोंदणी कार्यालयात कारकून होते. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र असा जमिनीचा प्रत्येक कागद त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता. निवृत्त झाल्यावर ते पौडला घरी स्वस्थ बसतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी संगणक घेतला. संगणक सुरू करताना पडद्यावर कराराचा मजकूर आला आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण आलं. तुम्ही-आम्ही ते दाबून मोकळे होतो. सरांनी चष्मा पुसला आणि सगळा करार वाचला. त्याला दोन दिवस लागले. तोवर संगणक तसाच उभा.

“इतकं कंजूष खत मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं,” ते सांगायचे. “वस्तू माझ्या टेबलावर, वीज माझी, आणि हक्क म्हणाल तर एकही नाही!”

पुढे एका मासिकाबरोबर त्यांना लिनक्स नावाच्या खुल्या संगणकप्रणालीची चकती मिळाली. तिचा परवाना वाचताना ते म्हणे खुर्चीतून उठून उभेच राहिले. तसेच स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या लाटणाऱ्या काकूंना त्यांनी अख्खा परवाना मराठीत समजावून सांगितला. वापरा, उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या; अट एवढीच, की ज्याला द्याल त्यालाही हे सगळे हक्क द्या. काकूंनी पोळी उलटली. म्हणाल्या, “फुकट देतायत, वर आणखी वाटा म्हणतायत, मग घ्या की. विचार कसला करताय?”

मी सरांना भेटले ती मंदीच्या वर्षात. मूळची मी लातूरकडची. हिंजवडीच्या कंपनीतली नोकरी गेली होती, भूगावातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी मुली राहत होतो, आणि गावी काय सांगायचं हा प्रश्न होता. तेवढ्यात मुळशीच्या एका छोट्या संस्थेत संगणक सांभाळायला माणूस हवा असल्याचं कळलं. संस्था म्हणजे रस्त्याच्या कडेला दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीतून धरणाचं पाणी दिसायचं. संस्था चालवणाऱ्या बाई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. वरच्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना रानभाज्या, कंद, औषधी पाला यांची जी माहिती होती, ती त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवायची, हे त्यांचं काम. सर तिथे मानद होते. म्हणजे पगार नाही, पण हरकत घ्यायचा अधिकार पूर्ण.

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. मला करायचेच, पण पडवीत आडवं पडणाऱ्या कुत्र्यालाही “अहो, जरा सरकता का?” म्हणायचे. कुत्रं सरकायचं. कुरिअरवाला आला की पावतीची मागची बाजू वाचल्याशिवाय त्याला सही मिळायची नाही, म्हणून तो आमच्याकडे सगळ्यात शेवटी यायचा आणि येताना चहाच्या वेळेचा हिशेब करून यायचा. कुठलाही कागद समोर आला की सरांचे तीनच प्रश्न असत. “देणारा कोण? देतोय काय? आणि हातात राखून काय ठेवतोय?”

मी कामाला लागले त्याच हिवाळ्यात तो घोटाळा लक्षात आला. बाईंना शेवळाची माहिती हवी होती. शेवळं ही पावसाच्या तोंडावर उगवणारी भाजी. चवीला सुरेख, पण नीट केली नाही तर घसा असा खाजतो की दिवसभर बोलता येत नाही. वरच्या वाडीतल्या धोंडाबाईंनी ती कशी करायची हे सांगितलेलं होतं. मी फाईल लावली. धोंडाबाईंचा खणखणीत आवाज आला, “शेवळं चिरायची, आनि त्येची खाज घालवाया त्येच्यात…” आणि पुढे नुसती खरखर. मग एकदम, “…म्हंजी घसा धरत न्हाई.”

नेमकं मधलंच गेलं होतं. मी दुसऱ्या डिस्कवरची प्रत लावली. तीही तशीच. डिस्कवरचे काही तुकडे केव्हातरी गुपचूप बिघडले होते, संगणकानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि आम्ही भक्तिभावानं त्या बिघडलेल्या फाईलच्याच प्रती काढत बसलो होतो.

आम्ही वाडीवर गेलो. धोंडाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. चष्मा लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. सरांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

“येवढी मोटी मशीन, आनि येक गोष्ट ध्यानात ठिवता येईना तिला?” त्या हसत सुटल्या. “काकडं घालायची, मास्तर. काकडाच्या झाडाची फळं. ठेचून रस घालायचा. घ्या लिवून, पुन्यांदा इचारू नगा.”

परत येताना सर उतरणीवर थांबून म्हणाले, “धोंडाबाई आहेत म्हणून विचारता आलं. त्या ध्वनिमुद्रणांमधली किती माणसं आज हयात नाहीत?”

मी मोजलं होतं. अकरा. त्यांच्या फायली धड आहेत की नाहीत हे कळायला आमच्याकडे प्रत्येक मिनिट ऐकण्याखेरीज मार्ग नव्हता. आज धड असलेल्या उद्या धड राहतील याचीही खात्री नव्हती.

उपाय मला माहीत होता. डिस्कवर फायली कशा लिहायच्या, कुठे ठेवायच्या याची एक व्यवस्था असते, फाईलसिस्टिम म्हणतात ती. त्यात झेडएफएस नावाची एक नवी व्यवस्था आली होती. ती प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची खूणगाठ लिहून ठेवते, वाचताना ताडून बघते, आणि एका डिस्कवरचा तुकडा बिघडलेला दिसला तर दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून तो दुरुस्त करते. तिचा मूळ कोड लिनक्ससारखाच सगळ्यांना खुला होता. मला वाटलं, झालं काम. लिनक्सवर बसवू. लिनक्स मला येत होतं. खरं सांगायचं तर मला तेवढंच नीट येत होतं.

“लिनक्सचा परवाना एक,” सर म्हणाले. “याचा दुसरा दिसतोय. वाचतो.”

आठ दिवस ते दोन्ही परवाने वाचत होते. पडवीत येरझाऱ्या घालत, एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा, मोठ्यांदा. कुत्रं त्यांच्या मागोमाग फिरे. नवव्या दिवशी ते येऊन माझ्या टेबलासमोर बसले.

“दोन्ही बक्षीसपत्रं खरी आहेत. दोन्ही देणारे मोठ्या मनाचे. पण लिनक्स म्हणतं, माझ्यात मिसळून जे पुढे वाटाल ते सगळं माझ्याच अटींवर वाटा. आणि ही झेडएफएस म्हणते, माझी पानं माझ्याच अटींवर राहतील. दोघांचं एकत्र खत करून तिसऱ्याला द्यायचं म्हटलं, तर दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत.”

“पण सर, आपल्यापुरतं वापरलं तर कोण विचारतंय?”

“आपल्यापुरतं वापरलं तर कुणाचीच हरकत नाही. तसं लिहिलंच आहे. पण बाईंना असाच संगणक तयार करून भोरच्या आणि वेल्ह्याच्या संस्थांना द्यायचाय. म्हणजे आपण वाटणार. तिथे अडतं.”

मग झेडएफएस चालवणाऱ्या उरल्या दोन प्रणाली. एक ओपन सोलारिस, जिथे झेडएफएस जन्मली. दुसरी फ्रीबीएसडी, जिने तिला बाहेरून आणून आपल्या घरात जागा दिली होती. दोन्ही खुल्या, आणि मला दोन्ही नव्या.

मी चिडले. म्हणाले, “सर, कागदाच्या नादात आपण कामाचं सोडून देतोय. मला लिनक्स येतं. ते सोडलं तर मी इथे करणार काय?”

ते शांतपणे म्हणाले, “‘आम्हाला हेच येतं, म्हणून हेच बरोबर’, असं मी तीस वर्षं साहेबांकडून ऐकत आलो. तुमच्याकडून ऐकायला लावू नका.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर गूळ-शेंगदाण्यांची पुडी होती आणि एक कागद. त्यांनी फ्रीबीएसडीचा परवाना स्वतःच्या वळणदार अक्षरात मराठीत उतरवला होता. सगळा अर्ध्या पानात मावला होता. माझं नाव पुसू नका, काही बिघडलं तर मला धरू नका, बाकी काय हवं ते करा. खाली त्यांनी लिहिलं होतं, “तीनदा वाचलं. खोच सापडत नाही. आपल्याला सापडते का पाहावं.”

मला हसू आलं, आणि तिथेच माझा राग संपला. वाचून बघितलं, मलाही खोच सापडली नाही.

“हा घरमालक इतका बिनहट्टी आहे,” सर म्हणाले, “की पाहुणा स्वतःच्या अटी घेऊन राहायला आला तरी याची ना नाही. म्हणून झेडएफएस इथे राहू शकते.”

“आणि ओपन सोलारिस? ते तर तिचं माहेर.”

“माहेर खरं. पण घर एकाच कंपनीच्या नावावर आहे. जे दिलंय ते दिलं, ते परत घेता येणार नाही. उद्या नवीन काही देतील की नाही, हे मात्र त्या एका मालकाच्या मर्जीवर. फ्रीबीएसडीला मालकच नाही, नुसती राबणारी माणसं आहेत.”

तरीही मी हट्टानं ओपन सोलारिस आधी बसवून पाहिलं. आमच्या स्वस्तातल्या संगणकाचं नेटवर्क कार्ड तिला ओळखूच येईना. सरांनी त्यावर काहीही म्हटलं नाही. त्यांना न बोलणं किती जड गेलं ते त्यांच्या मिशीवरून कळत होतं.

फ्रीबीएसडी शिकायला मला पाच आठवडे लागले. चुकले, पुसलं, पुन्हा बसवलं. सर शेजारी खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक आज्ञेचा अर्थ विचारत. मला येत नसलं की दोघं मिळून माहितीपुस्तिका वाचायचो. कंपनीत चार वर्षं काढून जे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, ते मी त्या पडवीत शिकले. ठाऊक नाही असं म्हणायचं, आणि मग वाचायला बसायचं.

सगळं तयार झाल्यावर सरांनी परीक्षा ठेवली. “जिचा आवाज आहे, तिच्यासमोर व्हायला हवी,” असं म्हणून ते जीपनं जाऊन धोंडाबाईंना घेऊन आले. मी संगणक बंद केला, दोनपैकी एक डिस्क काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तिच्या मधल्या भागात मुद्दाम कचरा लिहिला. डिस्क पुन्हा जागेवर लावली. संगणक सुरू केला. धोंडाबाईंची नव्यानं मुद्रित केलेली फाईल लावली.

“शेवळं चिरायची, आनि त्येची खाज घालवाया त्येच्यात…”

सर खुर्चीच्या काठावर सरकले.

“…काकडं ठेचून घालायची. म्हंजी घसा धरत न्हाई.”

मी सगळी डिस्क तपासायची आज्ञा दिली. थोड्या वेळानं पडद्यावर आलं, इतके तुकडे बिघडलेले सापडले, तितके दुरुस्त केले, हरवलं काहीच नाही. बाईंनी मला मिठी मारली. सर उठले, बाहेर जाऊन पडवीत एक येरझार घालून आत आले, आणि पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले.

“मास्तर, काय झालं वो?” धोंडाबाईंनी विचारलं.

“धोंडाबाई, तुमचं बोलणं आम्ही मुद्दाम खराब केलं. यानं ते ओळखलं आणि नीट करून दिलं.”

“मंग आता कुटं शानी झाली मशीन,” धोंडाबाई म्हणाल्या आणि चहा मागितला.

त्याच दिवशी त्यांच्यासमोर संमतीपत्र आलं. संस्थेचं जुनंच छापील पत्र होतं. आजवर सगळ्यांनी त्यावर अंगठा उठवला होता. बाईंनी शाईची डबी पुढे केली, तसा सरांनी कागद उचलला.

“वाचून दाखवतो. ‘सदर माहितीचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील.’”

धोंडाबाईंनी उचललेला अंगठा तसाच हवेत राहिला. “म्हंजी? उद्या माज्या नातीनं शेवळाची भाजी केली तर हिला इचारायचं?”

बाईंचा चेहरा उतरला. वाईट हेतू नव्हताच. कुणीतरी केव्हातरी छापलेलं, तेच चालत आलं होतं. “तसं नाही हो,” त्या म्हणाल्या. “पण आता एक सौंदर्यप्रसाधनांची कंपनी मागे लागली आहे. त्यांना ही सगळी मुद्रणं फक्त त्यांच्यासाठी हवीत. त्या बदल्यात इमारत बांधून देतो म्हणतात. हक्क आपल्याकडे नसतील तर कसलाच करार करता येणार नाही.”

हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं. सरांनी कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि धोंडाबाईंकडे वळून म्हणाले, “देणाऱ्या तुम्ही. तुमच्या अटी सांगा. मी लिहितो.”

धोंडाबाईंनी पदर सारखा केला. विचार करून, एकेक शब्द तोलून बोलल्या. “कुनालाबी द्या. शिकू द्या, करू द्या. पन ज्येला द्याल त्येनं म्होरल्याला न्हाई म्हनायचं न्हाई. आनि कुनी इचारलं, तर हे धोंडाबाईनं सांगितलं, असं म्हनायचं. बास.”

सरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. त्यांनी आठ दिवस येरझाऱ्या घालून जे वाचलं होतं, ते एका निरक्षर बाईनं चार वाक्यांत सांगितलं होतं.

“अहो, हा तर लिनक्सचा परवाना!” ते म्हणाले. मग त्यांनी ते जसंच्या तसं, तिच्याच बोलीत लिहून काढलं. बाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाल्या, “पडवी आहे की आपल्याला. पाऊस तर लागत नाही.” आणि त्यांनी स्वतः सगळ्यात आधी सही केली. पुढच्या दोन महिन्यांत सर प्रत्येक वाडीवर जाऊन आले आणि जुनं संमतीपत्र दिलेल्या प्रत्येक घरी नवा कागद वाचून दाखवून आले. कंपनी पुन्हा फिरकली नाही.

पुढच्या वर्षी बातमी आली. ओपन सोलारिस ज्या कंपनीची होती ती विकली गेली होती आणि नव्या मालकांनी तो खुला प्रकल्प बंद केला होता. मी धावत पडवीत गेले. सरांचं खरं ठरलं होतं, ते निदान मिशीला पीळ देतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा पडला. “किती माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं असेल हो त्यावर,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “पण झेडएफएस देऊन टाकली होती ना त्यांनी आधीच. ती आता कुणाला कुलपात घालता यायची नाही.” त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे, असं कुरिअरवाल्यानं विचारल्यावर म्हणाले, “दिलेलं परत घेता येत नाही, याचे.” तो बिचारा दोन पेढे घेऊन गेला.

अटींप्रमाणे आम्ही सगळ्या मुद्रणांच्या चकत्या काढून वाड्यांवरच्या शाळांना दिल्या होत्या. एके दिवशी सकाळी धरणापलीकडच्या गावाहून सोनाबाई नावाच्या म्हातारबाई तरातरा पडवीत आल्या. शाळेत त्यांनी भारंगीच्या भाजीबद्दल धोंडाबाईंचं बोलणं ऐकलं होतं.

“ही कोन धोंडाबाई? भारंगीचं उकाळल्यालं पानी फेकून द्या म्हनती! समदा गुन त्या पान्यात असतोय.”

सरांचे डोळे लकाकले. त्यांनी ताबडतोब जीप पाठवून धोंडाबाईंना बोलावून घेतलं, मधे स्टूल ठेवलं, त्यावर ध्वनिमुद्रक ठेवला आणि आदबीनं म्हणाले, “सोनाबाई, आपण सांगा.”

“सांगती कसली,” धोंडाबाई उसळल्या. “कडूजार हुती भाजी. पोरं थुकत्यात.”

“तुजी पोरं लाडावल्यात.”

“माज्या पोरांवर जाऊ नगं!”

पुढचा अर्धा तास दोघी एकदमच बोलत होत्या. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी हळूच सरांना विचारलं, “यातलं कुणाचं ठेवायचं?”

“दोन्ही. ज्याच्या त्याच्या नावानं.”

धोंडाबाईंनी ते ऐकलं. क्षणभर दम घेऊन त्या म्हणाल्या, “ठिवा की तिचं. मी कुटं न्हाई म्हनती? पन माज्या खाली न्हाई आनि वर बी न्हाई. शेजारी ठिवा.”

भारंगी तेव्हा हंगामात होती. दुसऱ्या दिवशी दोघी आपापलं पातेलं घेऊन हजर झाल्या. सर मांडी घालून पडवीत बसले, पुढ्यात भाकरी, एका बाजूला पाणी फेकलेली भारंगी, दुसऱ्या बाजूला न फेकलेली. दोघी कमरेवर हात ठेवून समोर उभ्या.

“मास्तर, खरं सांगा. कुनाची?”

सरांनी घास संपवला, बोटं चाटली आणि ताट पुढे केलं. “वाढा. दोन्ही.”